आवृत्ती तीन पूर्णांक दोन

अहवालात मी लिहिलं : हर्णै बंदरात रेंज नाही.
हे खोटं नाही.
किल्ल्याच्या दिशेने फोन धरला तर एक कांडी येते,
भरती लागली की तीही जाते.
शिवाय कारण असं लागतं
ज्याची पगारवाढ अडवता येत नाही.

पण खरं सांगायचं तर प्रकल्प बुडाला
दापोलीच्या सभागृहात,
बंदरापासून सोळा किलोमीटर आत,
पंखे चालू, वडे गरम,
पडद्यावर आमचा बांगडा.
दर वेळी बांगडाच.
यादीत दोनशे चौदा मासे होते, चालत होता तेवढा एक,
बाकी कुणावर बोट टेकलं की पडदा पांढरा.
मला ठाऊक होतं, शार्दूलला ठाऊक होतं.
संस्थेचे चेअरमन टाळ्या वाजवत होते.

शेवटच्या रांगेतून द्वारकी पावसे उठली.
पदर खोचून सगळं बघितलं होतं तिने,
विचारलं एकच :
"आनि उद्या देतंय म्हनलं, तर ता कुटं लिवायचा?"

शार्दूल हसला. वहीत टिपलं.
मावशी, ते फेज टूमध्ये घेऊ.

फेज टू.
लग्नात उशिरा आलेल्याला
दुसऱ्या पंगतीला बसा म्हणतात ना,
आणि आत भात संपलेला असतो.

जूनमध्ये नव्वद टक्के झालं होतं.
ऑगस्टात होड्या दर्यात गेल्या, नव्वद टक्के.
दिवाळीला नव्वद.
पुण्याहून आणखी चार पोरं पाठवली,
त्यांना आधीचं समजावण्यात माझा मार्गशीर्ष सरला.
एकाने विचारलं, मासे रविवारीपण विकतात का?
मग चेअरमन बदलले.
नव्यांना डिझेलचा कोटा हवा होता,
उजव्या कोपऱ्यात, शक्यतो हिरव्या रंगात.
मग शार्दूल कॅनडाला गेला,
आणि लिलावाचं सगळं गणित ज्या एका फाइलीत होतं
तिच्या माथ्यावर त्याची ओळ सापडली :
याला हात लावू नका. का, ते मलाही माहीत नाही.

बारा टॅब घेऊन पुळणीवर उतरलो तेव्हा चार वाजले होते.
बैलगाड्या पाण्यातून म्हावरं ओढत होत्या.
ओली बोटं काचेला ओळखू येत नाहीत
हे तिथे कळलं.
म्हावरं किलोत नव्हतं, ढिगात होतं,
आमच्या चौकटीत ढीग नव्हता.
कुणी बोली ओरडत होतं, कुणी नुसती भुवई उचलत होतं.
भुवईला बटण कुठून आणू?
बशीरभाई तांडेल दोनदा थांबले माझ्यासाठी.
तिसऱ्यांदा म्हणाले,
पोरा, बर्फ वितळतोय.

आणि नियम असा, की आधीचे पैसे चुकते झाल्याशिवाय
पुढचा लिलाव उघडत नाही.
मीच लिहिला होता,
रात्री दोन वाजता, वाकडच्या फ्लॅटमध्ये,
कुणी फसवू नये म्हणून.
वीस-वीस वर्षं एकमेकींचं देणं डोक्यात ठेवणाऱ्या बायांना
तो लाल अक्षरांत म्हणाला : अवैध.

आज टॅब परत न्यायला आलो. अकरा मिळाले.
निघताना द्वारकीकडे सौंदाळे मागितले.
खिशात रोख नव्हती, फोनला कांडी नव्हती.
तिने वजन केलं नाही,
ढीग उचलून पिशवीत घातला, वर मूठभर कोलंबी.
"उद्या दे," म्हणाली,
आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.
सांगणार होतो, की उद्या मी नसेन.
सांगितलं नाही.

आता एसटी आसूदचा चढ चढतेय.
मांडीवर अकरा टॅब, पायाशी पिशवी ठिबकतेय,
कंडक्टर दोनदा नाक मुरडून गेला.
अहवालाच्या कोऱ्या पाठीवर, पेनाने,
मी लिहितो : द्वारकी. तीनशे. उद्या.

बारावा टॅब बहुधा तिच्याच घरी आहे.
विचारलं नाही.